अडतीस आणि चाळीस यांच्यामधले पान

शास्त्रीबाईंच्या गुरुसेवेचे दाखले आमच्या संशोधन संस्थेत एकेकाळी इतक्या वेळा दिले जात, की नव्याने रुजू झालेला लिपिकसुद्धा ते आठवडाभरात पाठ म्हणून दाखवी. बाई सकाळी साडेआठाला आचार्यांच्या घरी जात. त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालीत, गळपट्टा नीट करीत, खिडकीचे एक दार उघडे आणि एक बंद ठेवीत, आणि मग समोर बसून दुपारपर्यंत वाचीत. अशी सतरा वर्षे. एकदा आचार्यांच्या छातीत कफ दाटला, तेव्हा बाई नऊ दिवस रुग्णालयाच्या लाकडी बाकावर बसून होत्या. डॉक्टरांनी विचारले, "मुलगी का यांची?" बाई म्हणाल्या, "नाही. पण यांना काही होता कामा नये." हे वाक्य आम्ही गहिवरून एकमेकांना सांगत असू. त्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि कळला तेव्हा गहिवर कुठल्या कुठे गेला. बाईंना आचार्य जिवंत हवे होते, कारण मेलेल्या माणसावर सूड उगवता येत नाही.

या बाईंची विद्या मात्र निर्विवाद होती, आणि ती आधी सांगितली पाहिजे. नृत्य आणि अभिनय यांवरचे प्राचीन शास्त्र त्यांना नुसते मुखोद्गत नव्हते, ते त्यांच्या अंगात होते. एखाद्या श्लोकात मनगटाचे वर्णन आले की वाचता वाचता त्यांचे मनगट आपोआप तसे वळे. पोथीचे पान त्या बोटाच्या टोकाने उलटीत नसत, नखाच्या पाठीने उचलीत. बोटाला घाम असतो, म्हणत. तीन लिप्या त्या आईच्या भाषेइतक्या सहज वाचीत: एक गोल वळणाची, एक चौकोनी आणि एक लांब शेपट्यांची. "शास्त्रीबाई" हे नाव ग्रंथालयातल्या कारकुनाने त्यांना चेष्टेने ठेवले होते. वर्षभरात चेष्टा गळून पडली आणि नाव तेवढे उरले.

आता ज्या दिवसापासून हे सारे सुरू झाले त्या दिवसाकडे वळतो.

बाईंची आई नर्तकी होती. फार नावाजलेली नव्हे, पण जाणकार तिच्यासाठी वाट वाकडी करून येत. तिला शिकवणारे मास्तर निरक्षर होते, त्यांचे मास्तरही निरक्षर होते. विद्या पायांतून पायांत उतरली होती, कागदाला तिचा स्पर्श नव्हता. विद्वानांच्या एका परिषदेत शेवटच्या दिवशी तिचे नृत्य ठेवले होते. सभागृह अरुंद, व्यासपीठ त्याहून अरुंद. मृदंग आणि गायक एका कडेला कसेबसे मावले. तंबोऱ्याला जागाच उरली नाही, म्हणून तंबोऱ्यावर बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला अगदी मागे, पडद्याला टेकून बसवले. ती मुलगी म्हणजे आपल्या शास्त्रीबाई.

नृत्यात एक विरहिणी होती. पदाच्या चौथ्या आवर्तनात आई वळली आणि सभेकडे पाठ करून उभी राहिली. पाय स्थिर, हात कमरेपाशी. हलत होते ते केवळ खांद्यांचे पंख आणि मानेचा कणा. मास्तरांनी शिकवले होते तसेच. सभेला तिची पाठ दिसत होती. चेहरा दिसत होता एकट्या तंबोरेवालीला.

तेव्हा पहिल्या रांगेतून आचार्य उठले. त्यांचे वय अठ्ठेचाळीस, त्यांचा शब्द म्हणजे त्या क्षेत्रातला शेवटचा शब्द. "थांबवा," ते म्हणाले. "सभेला पाठ दाखवणं शास्त्रात कुठंही नाही. हे नृत्य नव्हे, हा सभेचा अपमान आहे."

मृदंग थांबला. मागून कोणीतरी खुसखुसले. कोणीतरी म्हणाले, "बाईंना पुढचं आठवत नसेल हो, म्हणून तोंड लपवलंय." त्यावर सारे हसले.

आई परत वळली नाही. ती तशीच पाठमोरी चार पावले चालली आणि पडद्याआड गेली. त्या चार पावलांत तिच्या चेहऱ्यावर काय झाले ते मुलीने पाहिले. तंबोऱ्याच्या तारा ती छेडतच होती, कारण थांब म्हणून तिला कोणी सांगितले नव्हते. आई पुन्हा कधी नाचली नाही. नर्तकींचे पोशाख शिवणाऱ्या एका कारखान्यात तिने काम धरले, आणि इतरांच्या अंगाची मापे घेण्यात तिचे आयुष्य गेले.

"काय झालं गं तुझ्या तोंडाला तेव्हा?" असे मुलीने तिला एकदाच विचारले होते. आई सुईत दोरा ओवीत म्हणाली, "तू पाहिलंस ना? मग झालं. गावभर सांगू नकोस."

मुलीने सांगितले नाही. ती संस्कृत शिकायला गेली.

पुढची एकवीस वर्षे तिने काय केले ते थोडक्यात सांगता येते, कारण ती एकच गोष्ट करीत होती: तो श्लोक शोधीत होती. मास्तरांच्या पायांत जे आहे ते कधीतरी कोणीतरी लिहिले असणारच, ही तिची श्रद्धा. दोन ठिकाणी तो सापडलाही. गोल लिपीच्या एका पोथीत आणि चौकोनी लिपीच्या दुसऱ्या पोथीत, एकाच ओघात आलेले आठ श्लोक होते आणि त्यांतला पाचवा हा होता. पण आचार्यांचा एक प्रसिद्ध दंडक होता, आणि त्याच दंडकावर त्यांची सारी कीर्ती उभी होती: तीन निरनिराळ्या लिप्यांतल्या तीन प्रतींत आढळेल तेच मूळचे, बाकी सारे मागाहून घुसडलेले. दोन प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या असत्या तर ते हसून म्हणाले असते, "तिसरी आणा." आपले ग्रंथालय उघडून त्यांनीच तिसरी प्रत पुढे करावी, आणि तीही जिवंतपणी, एवढीच बाईंची इच्छा होती.

म्हणून आचार्यांची दृष्टी मंदावू लागली आणि त्यांच्या महाग्रंथाच्या संपादनासाठी वाचक हवा अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा पहिला अर्ज बाईंचा होता. आचार्यांनी त्यांना ओळखले नाही. परिषदेत त्यांनी नर्तकीचे नावही विचारले नव्हते. तंबोऱ्याकडे तर विद्वानांचे लक्ष कधीच नसते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या दोन खोल्यांच्या घरात मायलेकींचे एकच बोलणे चाले.

"म्हातारा कसाय?"

"खोकतोय."

"कोरडा की ओला?"

"कोरडा."

"मग मध ने उद्या. आणि त्याला म्हणावं, वाऱ्यात बसू नकोस." आई हातातला पोशाख झटकी. "मरू देऊ नकोस गं त्याला. मला अजून बघायचाय."

"मरत नाही तो. मी आहे ना."

"हो बाई, तू आहेस म्हणून तर जगतोय मेला. सुनेनं एवढं केलं नसतं."

आणि दुसऱ्या दिवशी मध जाई. आचार्यांच्या सूनबाई, सरळ मनाच्या गृहिणी, ती बाटली हातात घेऊन भारावून म्हणत, "तुमच्या आईंना सांगा हो, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत." बाई म्हणत, "फिटतील. घाई नाही."

आचार्यांकडे वडिलांच्या हातची एक पोथी होती, शेपट्यांच्या लिपीतली. तिला ते कोणालाही हात लावू देत नसत. तरुणपणी त्यांनी स्वतःच तिची नक्कल एका वहीत उतरवून घेतली होती, आणि बाई वाचीत ती ही वही. वहीत ते आठ श्लोक नव्हते. बाईंनी ती वही सतरा वर्षांत किती वेळा चाळली असेल याचा हिशेब नाही. एका ठिकाणी मात्र त्यांचे बोट दर वेळी अडे. समासात आचार्यांनी तारुण्यातल्या ठाशीव अक्षरात लिहिले होते: "येथे लेखकाने पत्रांक चुकवला आहे. अडतिसाव्या पत्रानंतर एकदम चाळिसावे."

हाताने लिहिलेल्या पोथीत पानाचा अंक पानाच्या पाठीवर असतो, हे जाणत्यांना सांगायला नको. आचार्यांना तर ते इतके ठाऊक होते, की त्याचा त्यांनी विचारच केला नाही.

आचार्य शहाऐंशी वर्षांचे झाले. हात इतके कापू लागले की पोथीचा रुमाल बदलणे त्यांना जमेना. जुना रुमाल कुजून चालला होता. एका सकाळी ते अनिच्छेने म्हणाले, "बाई, वडिलांच्या पोथीला नवा रुमाल बांधा. तुम्हीच बांधा. पानं मोजून घ्या म्हणजे झालं."

बाई नखाच्या पाठीने एकेक पान उचलीत मोजू लागल्या. छत्तीस, सदतीस, अडतीस. पुढचे पान उचलले आणि हात थबकला. ते जड होते. इतर पानांहून किंचितच जड, पण तीस वर्षे ज्यांचा हात पोथ्यांत गेला त्यांना तेवढे पुरे. बाईंनी ते उजेडासमोर धरले. एका पानातून उजेड येतो, त्यातून येत नव्हता.

दोन पाने होती ती. कधीकाळच्या ओलीने एकमेकांना चिकटलेली. एकोणचाळिसाव्याचा अंक आत गेला होता, चाळिसाव्याचा बाहेर राहिला होता. त्या दोहोंच्या पोटात, साठ वर्षे न उघडलेल्या जागी, आठ श्लोक. प्रत्येक श्लोक आपल्यापुरता पूर्ण, त्यामुळे वाचताना काही तुटल्याचे जाणवत नव्हते. आचार्यांनी पान तपासायचे सोडून लेखकाला दोष दिला होता, आणि तो लेखक म्हणजे त्यांचे स्वतःचे वडील.

बाईंनी सूनबाईंकडून वाफाळत्या पाण्याचे भांडे मागवले. चिकटलेली कड वाफेवर धरून, काडीच्या टोकाने, दुपारपर्यंत त्यांनी ती दोन पाने विलग केली. आचार्य दोनदा विचारते झाले, "झालं का बांधून?" बाई म्हणाल्या, "होतंय. घाई केली की फाटतं."

मग त्या समोर बसल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिला श्लोक झाला, दुसरा झाला. आचार्यांचे डोके पुढे झुकले. पाचवा आला. त्याचा आशय असा: जिथे दुःख मुखात मावत नाही, तिथे नर्तकीने सभेला पाठ करावी; सभेने ते तिच्या पाठीवर वाचावे, आणि जी सभा वाचू शकत नाही तिच्यापुढे पुन्हा नाचू नये.

"पुन्हा वाचा," आचार्य म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाचले.

"हे कुठून आणलंत?"

"तुमच्या वडिलांच्या पोथीतून. एकोणचाळिसावं पान. लेखकानं काही चुकवलं नव्हतं."

आचार्यांनी हात पुढे केला. बाईंनी दोन्ही पाने त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी कडा चाचपल्या, एक, मग दुसरी. शेवटी म्हणाले, "आणखी दोन लिप्यांत आहे का हा?"

"आहे. गोल आणि चौकोनी. दोन्ही नकला माझ्या पिशवीत आहेत. अठरा वर्षं आहेत."

"अठरा वर्षं! आणि बोलला नाहीत?"

"तिसरी नव्हती ना. दंडक तुमचा."

त्यावर आचार्य जरासे हसले, कारण ते खरे विद्वान होते आणि उत्तम प्रमाण पुढे आले की त्यांना आनंद होई. "छान. श्लोक संहितेत घ्या. बरं झालं सापडला."

"आणि तळटीप?"

"प्रतींचे निर्देश द्या."

"तेवढंच नव्हे. पान का उघडलं गेलं नाही ते. आणि त्या अज्ञानावर तुम्ही परिषदेत एका नर्तकीला भर नाचातून थांबवलंत, तेही."

आचार्यांची आंधळी नजर वर झाली. "कोण नर्तकी? असेल कधी. ग्रंथात खाजगी गोष्टी येत नाहीत, बाई. तुम्हाला काय त्याचं?"

"तंबोऱ्यावर मी होते."

पुढचे मला सूनबाईंकडून कळले. बाईंनी पोथी मिटली, नव्या रुमालात बांधली, गाठ मारली आणि स्वस्थ बसल्या. दुपार कलली तशा उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेआठाला आल्या. डोळ्यांत थेंब घातले, गळपट्टा नीट केला, खिडकीचे एक दार उघडले. समोर बसल्या आणि वाचले नाही. तिसऱ्या दिवशीही तसेच. ज्याचे डोळे गेले आहेत त्याच्यासमोर त्याची पोथी घेऊन मुकाट बसणे ही शिक्षा किती जबर आहे, हे ज्याने आयुष्यभर वाचले त्यालाच कळेल.

"बाई, आज वाचन नाही?" सूनबाईंनी विचारले.

"घसा बसलाय."

"अगं बाई! आईंचा मध आहे, देऊ का?"

"नको. तो त्यांच्यासाठी आहे."

सहाव्या दिवशी आचार्यांनी सुनेला वाचायला बसवले. ती माउली अक्षर लावीत लावीत, वाणसामानाची यादी वाचावी तशी, अर्धा श्लोक रेटून गेली. आचार्यांनी कान झाकले. "पुरे, बेटा. जा तू." नवव्या दिवशी त्यांनी आवाज चढवला. दहाव्या दिवशी म्हणाले, "मी म्हातारा माणूस आहे हो." बाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. मीच केलंय तुम्हाला एवढं म्हातारं." हे वाक्य सूनबाईंना कळले नव्हते, मला सांगताना त्या म्हणाल्या, "प्रेमानंच म्हणाल्या असतील."

बाराव्या दिवशी आचार्य म्हणाले, "लिहून घ्या."

बाईंनी लेखणी घेतली. ते सांगू लागले: चिकटलेली पाने, चुकीचा शेरा, वडिलांवर टाकलेला दोष. मग परिषद. "त्या प्रसंगी प्रस्तुत संपादकाने अज्ञानामुळे..."

"अज्ञानामुळे नव्हे."

"मग?"

"आळसामुळे. पान हातात होतं. उचलून बघितलं नाहीत. आळसामुळे लिहिते."

आचार्यांनी गळपट्टा सैल केला. मग ते म्हणाले, "लिहा. आळसामुळे, त्या नर्तकीला थांबवले. तिचे नृत्य शास्त्रशुद्ध होते. नाव काय तिचं?"

बाईंनी नाव सांगितले. अक्षरे सुटी करून, एकेक, आणि आचार्यांकडून ते तीनदा म्हणवून घेतले. तिसऱ्या वेळी उच्चार नीट आला तेव्हा लिहिले. मग पोथीची गाठ सोडली आणि वाचायला लागल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आईला ती तळटीप वाचून दाखवली. आई त्र्याहत्तरीला टेकली होती. ती बाहीला अस्तर लावीत होती. ऐकून झाल्यावर तिने दोरा दातांनी तोडला.

"बारीक अक्षरात छापणार ना हे? खाली?"

"तळटीप बारीकच असते गं."

"मला हसले ते मोठ्यानं हसले होते," आई म्हणाली. "प्रकाशन कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. तेच सभागृह."

"म्हाताऱ्याला कुठं बसवणार?"

"व्यासपीठावर. मध्यभागी, मागे. पडद्याला लागून. मीच बसवणार आहे."

आईने सुई अस्तरात खोचली. मग म्हणाली, "नाचायला गुडघे कुठून आणू?"

"नाचायचं नाही. वळायचं फक्त."

"तेवढं येतं मला."

प्रकाशनाला मी पाचव्या रांगेत होतो. सभागृह तेच, रंग नवा. महाग्रंथाचे दोन खंड मेजावर होते. आचार्य उंच पाठीच्या खुर्चीत, पडद्याला लागून, अगदी त्याच जागी जिथे एकेकाळी तंबोरा होता. त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक. भाषणे झाली, स्तुती झाली, गुरुसेवेचा दाखलाही झाला. मग शास्त्रीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ग्रंथातला एक श्लोक आणि त्याची तळटीप वाचते." त्यांनी दोन्ही वाचले. बारीक अक्षरातला मजकूर त्यांनी असा वाचला की शेवटच्या रांगेतल्या माणसाने मान वर केली. "आळसामुळे" या शब्दावर त्या किंचित थांबल्या.

सभेत चुळबुळ झाली. तेवढ्यात कडेच्या पायऱ्यांनी एक वृद्धा वर आली. साधे, घरी शिवलेले कपडे. तिने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिले, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मापे घ्यावीत तसे. आणि वळली.

वाद्य नव्हते, ताल नव्हता. आम्हाला दिसली ती एक म्हातारी पाठ. खांद्यांचे पंख हलले. मानेचा कणा ताठ झाला, मग मणक्यामणक्याने खाली आला, पुन्हा वर गेला. मी शास्त्राचा विद्यार्थी, पण त्या पाठीवर जे लिहिले जात होते ते वाचायला मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. ती दुःखाची मुद्रा असावी असे शास्त्र सांगते. मला त्यात दुःख थोडे आणि दुसरेच काही फार दिसले.

तिचा चेहरा आचार्यांसमोर होता, दोन हातांवर. साऱ्या सभागृहात तो दिसू शकेल अशा जागी दोघेच होते: ते स्वतः, आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या वाचक.

आचार्यांना पावलांची चाहूल लागली असावी. शांतता का पसरली ते त्यांना कळेना. "बाई," ते हळूच म्हणाले. ध्वनिक्षेपकाने ते साऱ्यांना ऐकवले. "बाई, समोर कोणीतरी आहे. ती आलीय का? ती नाचतेय का?"

शास्त्रीबाई आईच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"कशी दिसतेय? मुद्रा कोणती आहे?" म्हातारा पुढे वाकला, त्याचे हात हवेत काही चाचपू लागले. "मला काही दिसत नाही हो. बाई, वाचा ना. वाचा."

सतरा वर्षे ज्यांनी एका शब्दासरशी वाचले त्या बाईंनी हातातला खंड मिटला, मेजावर ठेवला, आणि त्या गप्प उभ्या राहिल्या.

त्यांची आई तशीच, सभेकडे पाठ ठेवून, पावलापावलाने चालत पडद्याआड गेली.

"बाई?" आचार्य म्हणत होते. "अहो बाई?"

दुसऱ्या दिवशी साडेआठाला शास्त्रीबाई त्यांच्या घरी गेल्या नाहीत. मधही गेला नाही.